गुळाचं पाणी

किशोरीने बोट लावलं, नाकाशी नेलं आणि हात तिथेच राहिला. तो गूळ नव्हता.

ते बोट खरं तर जिभेवर जायचं होतं. उभा जन्म तिने पातेल्यातलं, परातीतलं, ओट्यावर सांडलेलं असंच बोटाने उचलून चाखलं होतं. हात आपोआप जातो, त्याला विचारावं लागत नाही. आज मध्ये नाक आलं. वास आंबट होता, तान्ह्या पोराचं पोट बिघडल्यावर दुपट्याला येतो तसा, आणि त्या वासाच्या तळाशी अगदी पुसट सुंठ होती. तिनेच कुटून घातलेली सुंठ. मधमाश्यांच्या पेटीच्या पांढऱ्या रंगावर तपकिरी ओघळ उतरले होते, कोणी चहाचा चोथा फेकून मारावा तसे. काल संध्याकाळी वाटी भरताना आपल्याच हातून सांडलं असेल असं समजून ती ओला फडका घेऊन आली होती. फडका अजून डाव्या हातात होता आणि त्यातलं पाणी तिच्या पावलावर ठिबकत होतं, ते तिला कळत नव्हतं. मग तिने खाली पाहिलं. अंगणातल्या फरशीवर माश्या चालत होत्या. मधमाशी चालताना आपण कधी बघतो? ती फुलावर चालते तेवढीच. या फरशीवर चालत होत्या, पंख बाजूला टाकून, पोटं टम्म फुगलेली, कातडी ताणून चकचकीत झालेली. थोडं जायच्या, थांबायच्या, आणि थांबल्या की मागे तपकिरी टिपूस पडायचं. फरशीभर टिपके होते. दोरीवरच्या चादरीवर टिपके होते. गोधडीवरही होते, तिने स्वतःच्या हाताने पेटीभोवती गुंडाळून सुतळीने बांधलेल्या, पुण्याहून आणलेल्या गोधडीवर. आणि त्याच क्षणी, कोणी कानाशी येऊन बोलावं तसं, ऋचाचं वाक्य आख्खंच्या आख्खं ऐकू आलं: ‘पांढरी, आई. फक्त पांढरी साखर. दुसरं काही दिलंस तर त्यांचं पोट बिघडेल.’

म्हणजे ते वाक्य आत होतं. ऑगस्टपासून आत होतं, जसंच्या तसं, ऋचाच्या त्या किंचित दमलेल्या आवाजासकट. किशोरीला फुगलेल्या माश्यांपेक्षा याचाच धक्का जास्त बसला. आपण विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. वय झालंय, डोक्यात राहत नाही, असं म्हणता आलं असतं. पण ते वाक्य तिने ऐकलं होतं, आणि ऐकून बाजूला ठेवलं होतं, कोणी आणून दिलेली नको असलेली भेटवस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात तसं.

आत फोन वाजला. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आखातातल्या त्या शहरात, अझैबातल्या त्या गल्लीत सगळी घरं झोपलेली असतात, वाऱ्याने खजुरीची पानं घासतात तेवढाच आवाज असतो. अशा वेळी या घरात फोन करणारं एकच माणूस आहे. कृष्णकांत बनियनवरच बाहेर आला, दारातूनच हात लांब करून. माश्यांच्या बाजूला तो सहसा येत नसे. ‘‘घे. कॅनडाहून साहेबीण बोलतायत. बापाशी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आता खरं काम तुझ्याशी.’’

‘‘आई, माश्या कशा आहेत?’’

‘‘छान आहेत,’’ किशोरी म्हणाली.

‘‘येतायत-जातायत ना? तिकडे वारा सुटला असेल आता.’’

‘‘वारा आहे थोडा. येतायत की. खूप येतायत.’’

‘‘दाखव ना जरा. कॅमेरा चालू कर.’’

‘‘अगं, ऊन आलंय पेटीवर, काही दिसत नाही नीट.’’

‘‘बरं. साखर देतेस ना?’’

‘‘हं.’’

फोन संपला. किशोरी त्याच्या काळ्या काचेत स्वतःकडे बघत राहिली. ऊन अजून कुंपणाच्या भिंतीवरही आलं नव्हतं. एवढं सफाईदार खोटं आपल्याला येतं हे तिला माहीत नव्हतं. खोटं बोलायला काही लागलंच नाही, नुसतं ‘हं’ म्हटलं की झालं. हा ‘हं’ तिच्या ओळखीचा होता. ऋचा ऑगस्टमध्ये पेटीसमोर उकिडवी बसून सगळं समजावत होती, फुलं नोव्हेंबरनंतर कमी होतात, बोरीचा बहर संपला की पुढे बाभळीपर्यंत त्यांना बाहेर फारसं काही मिळत नाही, त्या मधल्या काळात आपण द्यायचं, पहिलं वर्ष आहे, पहिला हिवाळा काढला की पोळं पक्कं होतं. आणि किशोरी तेव्हाही हं म्हणत होती, डोळे पोरीच्या खांद्याच्या वर आलेल्या हाडाकडे लावून. काय वाळलीय ही. तिकडे हिला कोण खायला घालणार. माश्यांचं ती बोलत होती आणि ही तिच्या हाडांचं ऐकत होती.

पेटी ऋचानेच आणली होती, मार्चमध्ये, खाबुराच्या एका शेतावरून. कृष्णकांतच्या गाडीत मागच्या सीटवर, जाळीच्या कापडात बांधून. परतीच्या वाटेवर सगळा वेळ तो काचा खाली करू की वर ठेवू यावर पोरीशी भांडत होता, आणि घरी आल्यावर म्हणाला, ‘‘आमच्या ऑफिसात लोक गाडीचं पेट्रोल वाचवतात, मी आज जीव वाचवून आणला.’’ उन्हाळाभर ऋचाने त्या पेटीवर ओली पोती टाकली, दिवसातून दहादा पाणी मारलं, स्वतः काळी पडली. मग शहरातल्या रुवी भागातली बँकेची नोकरी सोडली आणि माश्यांचंच शिकायला कॅनडाला चालले म्हणाली. त्यावरून घरात जे झालं ते किशोरीला आठवायला आवडत नसे. लोक तिकडे कॉम्प्युटर शिकायला जातात. कोथरूडचं स्थळ हो म्हणून बसलं होतं. ती एकामागून एक बोलत गेली होती आणि ऋचा शेवटी बोलायचीच थांबली होती. विमानतळावर तिला कुशीत घेतलं तेव्हा पोरीने शिंप्याला माप देतात तसं अंग दिलं. सरळ उभी राहिली, हात थोडे बाजूला. त्यानंतर फोन बापाला यायचा. किशोरी ओट्याशी उभी राहून या बाजूची अर्धी वाक्यं ऐकायची आणि पलीकडची अर्धी जुळवायची. ऑक्टोबरात एकदा कृष्णकांतने अचानक फोन तिच्या हातात दिला होता, ‘‘तुला मागतेय, माश्यांचं विचारायचंय.’’ पिठाचा हात तसाच कानाला लागला. तेव्हापासून हे चालू होतं. माश्या कशा आहेत, पाणी ठेवलंस का, मुंग्या चढत नाहीत ना. माश्यांखेरीज दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या; पण आवाज ऐकू येत होता, खोकला असेल तर खोकला कळत होता. पेटी जिवंत आहे तोवर फोन आहे, हे किशोरीने स्वतःशीही कधी शब्दांत म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

म्हणून तर एवढं करत होती. पांढरी साखर कशी घालायची? साखर म्हणजे पांढरं विष, हे तिच्या सासूने सांगितलं, डॉक्टरने सांगितलं, रोज मोबाइलवर कोणी ना कोणी सांगतं. घरात कृष्णकांतच्या चहालाही तिने गूळ चालू केला होता. आणि थंडीत तर गूळच. गूळ उष्ण. बाळंतिणीला गूळ, दमून आलेल्याला गूळ-पाणी, संक्रांतीला गूळ. दौंडजवळ तिच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळायला लागला की माश्यांचे थवेच्या थवे यायचे, ढेपेच्या साच्यांवर काळा थर बसायचा, आणि गडी फडक्याने हाकलायला लागला की वडील म्हणायचे, खाऊ दे रे, त्यांच्या बापाचं खातायत. कितीतरी त्यात पडून मरायच्या. गाळण्यात मेलेल्या माश्यांचा चिकट गोळा जमायचा आणि तो गोठ्यामागे फेकून द्यायचे. ते तिने पाहिलं होतं. पण तिच्या मनात राहिलं होतं ते त्यांचं येणं. ज्या एवढ्या हौसेने येतात त्यांना ते मानवतंच असणार, याबद्दल तिला कधी शंका आली नाही. रुवीच्या दुकानात जाऊन तिने मुद्दाम काळा गूळ आणला, कसलीही पावडर न घातलेला, आणि दुकानदाराने ‘‘चिक्की कर रहे हो भाभी?’’ विचारलं तेव्हा ‘‘माझ्या माश्यांना’’ म्हणताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पाण्यात उकळायचं, सुंठ घालायची, निववायचं, वाटीत काड्या टाकून झाकणाखाली ठेवायचं. वारा सुटल्यावर गोधडी आली, दाराच्या फटीत जुन्या बनियनची चिंधी आली, एकेक माशी जाईल एवढीच जागा ठेवून. कृष्णकांत म्हणाला होता, ‘‘एकेकीला स्वेटर पण विण. कानटोपी मात्र लाल कर, हरवली तर सापडेल.’’ ती हसली होती. सुखात होती. झाकण किंचित उचललं की माश्या वाटीच्या कडेला ओळीने बसून पिताना दिसायच्या, आणि ती स्टुलावर बसून बघायची. खाणाऱ्याकडे बघत बसणं यापेक्षा मोठं सुख तिला माहीत नव्हतं.

त्या शुक्रवारी तिने पुढे काय केलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. चादर पुन्हा धुतली. वाटी काढून आणली आणि मोरीत पालथी केली, तर काळसर पाणी गोल फिरून जाळीतून जाताना ती उभी राहून बघत बसली. वाटी काढली म्हणजे त्या आता उपाशी आहेत, हे तिला स्वयंपाकघरात आल्यावर सुचलं; साखरेचा डबा खाली घेतला, आणि कुठल्या मापाने करायचं हे ऋचाने सांगितलं होतं तेवढं मात्र आठवेना. पांढरी एवढं राहिलं होतं, माप गेलं होतं. डबा उघडाच ठेवून ती पुन्हा बाहेर गेली. गोधडी काढावी की ठेवावी कळेना. जे जे हातून व्हायचं ते ते आपण प्रेमाने केलं होतं, आणि तेच उलटलं होतं. मग आता हात लावायचा तो कशाच्या भरवशावर? आपलाच हात परका वाटू लागला. तो पदराला पुसला तरी आंबट वास जाईना. दुपारी जेवायला बसल्यावर कृष्णकांतने भाताला नको म्हणून पानावर आडवा हात धरला, आणि तिचा वाढायचा चमचा नेहमीप्रमाणे त्या हाताच्या बाजूने वळून पानात गेला. भात पडला. त्यानेही नेहमीप्रमाणे तो कालवला. किशोरी त्याच्याकडे बघत राहिली. नको म्हटलेलं आपण कधी ऐकलंच नाही की काय? सासरे शेवटच्या दिवसांत तोंड मिटून घ्यायचे आणि ती चमच्याच्या टोकाने ओठ उघडायची. तेव्हा सगळे म्हणायचे, किती करते सून. माश्यांना तर नको म्हणताही येत नाही, त्या समोर आलेलं पितात. ‘‘काय बघतेस?’’ कृष्णकांत म्हणाला. ‘‘माश्या आजारी पडल्यात,’’ ती म्हणाली, ‘‘माझ्यामुळे.’’ तो हात धुऊन बाहेर जाऊन आला, लांबूनच बघून आला, आणि काही विनोद केला नाही. तेव्हा तिला खरी भीती वाटली. तो एवढंच म्हणाला, ‘‘तिला सांगावं लागेल.’’

‘‘उद्या बऱ्या होतील कदाचित.’’

‘‘किशोरी.’’

‘‘अहो, फोन बंद करेल ती.’’

‘‘करेल. मग परत करेल. माझी मुलगी आहे, मला ओळखून आहे, तुलाही ओळखून आहे.’’

शनिवारी सकाळी फरशीवरच्या माश्या वाढल्या होत्या. काही हलत नव्हत्या. मुंग्यांनी रांग धरली होती. किशोरीने आपणहून फोन लावला, हे पहिल्यांदाच, आणि समोर ऋचाचा चेहरा आला, खोलीत दिवा लागलेला, मागे खिडकीत काळोख आणि काचेच्या खालच्या अंगाला साचलेला बर्फ. ‘‘काय झालं? बाबा बरे आहेत ना?’’ ‘‘मी गूळ घातला,’’ किशोरी म्हणाली. ‘‘साखर नाही घातली. गूळ घातला. सुंठ पण. तू सांगितलं होतंस. काल मी खोटं बोलले.’’ एवढं बोलून ती थांबली आणि फोनचा तोंडावरचा उजेड तसाच धरून उभी राहिली, थप्पड येणार असली की माणूस राहतं तशी. ‘‘दाखव,’’ ऋचा म्हणाली. किशोरीने कॅमेरा फिरवला. पेटी, ओघळ, फरशी. ‘‘ती गोधडी आहे का आई?’’

‘‘थंडी पडलीय ना.’’

‘‘तिकडे कसली थंडी! पंखा लावून झोपता तुम्ही. आणि दारात काय कोंबलंय?’’

‘‘बाबांचं बनियन.’’

पलीकडून एक विचित्र आवाज आला. रडली की काय असं किशोरीला वाटलं, म्हणून तिने फोन वळवून पाहिलं. ऋचा हसत होती. तोंडावर हात दाबून हसत होती, आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कुठलं ते ठरवता येत नव्हतं. ‘‘मला माहीत होतं,’’ ती म्हणाली. ‘‘जाताना विमानातच मला वाटलं होतं, ही गूळ घालणार. आई, ऐक आता. बाबांना बोलाव. गोधडी सोडा. ती चिंधी काढा. त्या आत कोंडल्यात, माश्या पोळ्यात घाण करत नाहीत, मरतील पण शक्यतो करणार नाहीत. त्यांना बाहेर पडू दे. बाकी नंतर.’’

कृष्णकांत आला तो ऋचाची जाळीची टोपी घालून, पायमोज्यांत लेंगा खोचून, हातांत भांडी घासायचे रबरी मोजे. सुतळीची गाठ सुटेना म्हणून विळीने कापली. चिंधी त्याने चिमट्याने ओढली आणि मागे सरकला. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतला आवाज बदलला, चुलीवर काही उतू जायच्या आधी होतो तसा, आणि त्या बाहेर पडू लागल्या, एक, दोन, मग धारेने. ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. त्या उन्हात वर चढल्या, कुंपणाच्या भिंतीवर गेल्या, पलीकडच्या घरावर गेल्या, गोल गोल फिरू लागल्या, आणि वरून बारीक पाऊस पडावा तसं पडू लागलं. किशोरीच्या केसांवर, हातावर, कृष्णकांतच्या टोपीवर. ‘‘होऊ दे, होऊ दे!’’ फोनमधून ऋचा ओरडत होती, ‘‘हेच पाहिजे!’’ पलीकडे फाटक वाजलं आणि शेजारच्या खैरुन्निसाचा आवाज आला, ‘‘भाभी! ओ भाभी! उजैरने अभी गाडी धोई थी! सफेद गाडी! ये ऊपर से क्या गिर रहा है?’’ कृष्णकांत जाळीच्या आतून ओरडला, ‘‘भाभी, पेट खराब है!’’ ‘‘किसका?’’ ‘‘सबका!’’ खैरुन्निसाने खिडक्या धडाधड लावून घेतल्या. ऋचा तिकडे हसून हसून बिछान्यावर आडवी झाली होती, फोनमध्ये नुसतं छत दिसत होतं. किशोरीही हसली. कालपासूनचं अंग सैल झालं आणि ती स्टुलावर बसली. ऋचाने सांगितलं तसं बापाने झाकण उचललं, मधली एक चौकट वर घेतली, किशोरीने चष्मा पुसून मेणाच्या घरांच्या तळाशी पाहिलं. पांढऱ्या बारीक अळ्या होत्या, तांदळाच्या कणीसारख्या, गोल वळून निजलेल्या. ‘‘मग राणी आहे,’’ ऋचा म्हणाली. तिने मोठा श्वास सोडला, तो इथे ऐकू आला. ‘‘बऱ्याच जातील. पण पोळं जगेल, आई. साखर आजच कर, एक वाटी साखरेला एक वाटी पाणी. पांढरी.’’

‘‘पांढरी,’’ किशोरी म्हणाली. एवढ्यावर राहिली असती तर बरं, असं कोणालाही वाटेल. पण सुटलेल्या माणसाला थोडं चढतं. पोरगी हसली होती, रागावली नव्हती, आणि किशोरीला स्वतःची थोडी बाजू परत घ्यावीशी वाटली, गुळाची तरी. ‘‘माश्यांना नसेल मानवत,’’ ती म्हणाली, ‘‘पण माझ्या गुळाला तू नावं ठेवू नकोस. आठवीत होतीस तेव्हा तुझा आख्खा वर्ग माझ्या गुळपोळीवर तुटून पडायचा. तुझ्या एकटीची एक आणि मैत्रिणींच्या चार, मोजून द्यायची मी. रोज डबा चाटूनपुसून यायचा. पुण्याला फोन करून सांगायची मी सगळ्यांना.’’

पलीकडचं हसणं हळूहळू थांबलं. छत गेलं, चेहरा आला.

‘‘वर्ग नाही गं आई,’’ ऋचा म्हणाली. ‘‘मीच खायचे.’’

‘‘काय?’’

‘‘पाचही. मीच.’’

‘‘का?’’

‘‘परत आणल्या असत्या तर तू विचारलं असतंस, मैत्रिणींना का नाही दिल्यास. मैत्रिणी नव्हत्या. त्या वर्षी माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. ठरवलं होतं त्यांनी. कशावरून सुरू झालं ते आता मला आठवत पण नाही.’’ ती अगदी सहज बोलत होती, जुन्या पत्त्याबद्दल बोलावं तसं. ‘‘फेकायचं पण जिवावर यायचं. तू पहाटे उठून करायचीस.’’

किशोरी स्टुलावर होती तशीच होती. वर माश्या फिरत होत्या, हातावर तपकिरी टिपके वाळत होते. आठवीतली ऋचा तिला दिसली, निळा पिनाफोर, दोन वेण्या, दर रविवारी सकाळी बसची वेळ झाली की पलंगावर पोट धरून वाकलेली. रविवार म्हणजे इथला आठवड्याचा पहिला दिवस. ‘‘तुझं पोट दुखायचं,’’ ती म्हणाली. आवाज स्वतःचा वाटला नाही.

‘‘दुखणारच ना,’’ ऋचा म्हणाली. ‘‘मग तू ओवा आणि गूळ द्यायचीस.’’ आणि ती थोडं हसली, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसावं तसं.

कृष्णकांतने दोन्ही हातांत चौकट धरली होती. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. जाळीच्या आत त्याचा चेहरा दिसत नव्हता. किशोरीच्या तोंडाशी शब्द आले, एकावर एक, गर्दी करून. तेव्हाच का नाही सांगितलंस? कोण होत्या त्या, नावं सांग. मी येऊन त्यांना… बाळा, मला काय माहीत. यातला प्रत्येक शब्द चमच्यासारखा भरलेला होता, वाढायला तयार, आणि तो कुणाच्या पानात पडणार हे तिला आज पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. ओठ मिटून तिने तो आत घेतला. घशाखाली जाताना लागला. एवढी वर्षं तिने ती गोष्ट अभिमानाने लोकांना वाढली होती, पाहुण्यांना, माहेरी, खैरुन्निसाला. आणि तेवढी वर्षं ऋचा बाजूला बसून ती ऐकत होती, आणि कधीच काही बोलली नव्हती.

‘‘मधल्या सुट्टीत कुठे बसायचीस?’’ तिने विचारलं.

खिडकीबाहेरून गाडीचा उजेड ऋचाच्या भिंतीवरून सरकत गेला. ‘‘आता कशाला ते.’’

किशोरी काही म्हणाली नाही. हं देखील नाही. फोन तिने थोडा जवळ धरला, आणि पदराने हात न पुसता तशीच बसून राहिली.

‘‘लायब्ररीच्या मागे लोखंडी जिना होता,’’ ऋचा म्हणाली. ‘‘तिथे कोणी येत नसे. तापायचा फार. खाली वही ठेवायची मी.’’ ती थांबली, आईकडे बघत, आता ती मध्ये बोलेल म्हणून. आई बोलली नाही. ‘‘डबा मांडीवर घ्यायचा. बेल व्हायच्या आत संपवायच्या असायच्या. पहिल्या दोन छान लागायच्या, आई. खरंच छान लागायच्या.’’

‘‘आणि तिसरी?’’ किशोरीने विचारलं.